जुनी फायबर बोट निकाली काढताना: नोंदणी रद्द करण्यापासून सांगाड्याच्या विल्हेवाटीपर्यंत

थोडक्यात

• फायबर बोटीचे आयुष्य संपले तरी मालकाची जबाबदारी आपोआप संपत नाही. नोंदणी रद्द होईपर्यंत ती बोट कागदोपत्री आपलीच असते.
• क्रम महत्त्वाचा आहे: आधी कागदपत्रे, मग इंजिन, तेल, बॅटरी व उपकरणे आणि सर्वांत शेवटी सांगाडा.
• बोट जाळणे, खाडीत सोडणे, समुद्रात बुडवणे किंवा वाळूत पुरणे यांपैकी कोणताही मार्ग योग्य नाही.
• नव्या बोटीसाठी अनुदानाचा अर्ज करायचा असल्यास तपासणी होण्यापूर्वी जुनी बोट तोडू नका.

हा लेख कोणासाठी आहे?

मासेमारी करणारे बोटमालक, सहकारी मच्छीमार संस्था, पर्यटन व प्रवासी बोटींचे चालक, तसेच पूरबचावासाठी बोट बाळगणाऱ्या ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांच्यासाठी ही माहिती आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीतून मोठ्या संख्येने फायबर बोटी आल्या. त्यांपैकी ज्या आज शिल्लक आहेत, त्यांचे वय वीस वर्षांच्या पुढे गेले आहे. कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ आणि आंध्र प्रदेशातही जुन्या लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली. त्यामुळे "या बोटीचे आता काय करायचे?" हा प्रश्न देशाच्या जवळपास प्रत्येक किनारी गावात विचारला जातो.

फायबर बोट भंगारात का जात नाही?

लाकडी होडी मोडली तर तिच्या फळ्या कामी येतात. लोखंडी जहाजाला पोलादाचा भाव मिळतो. गुजरातमधील अलंगचा जहाजतोडणी व्यवसाय या भावावरच उभा आहे. फायबर बोटीचे तसे नाही. काचेच्या तंतूंचे थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून, साच्यावर एकावर एक चढवून तिचा सांगाडा तयार होतो. हे रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. बादली किंवा खुर्चीचे प्लास्टिक वितळवून नवी वस्तू करता येते, फायबरची करता येत नाही. म्हणून भंगारवाला इंजिन, पितळ आणि ॲल्युमिनियम घेऊन जातो आणि सांगाडा तिथेच सोडतो.

पडून राहिलेला सांगाडाही निरुपद्रवी नसतो. उन्हापावसात त्याचा वरचा थर झिजतो, तंतू उघडे पडतात आणि बारीक कण वाळूत व पाण्यात मिसळतात. पावसाचे पाणी साचून त्यात डास वाढतात. भरतीला सैल झालेला सांगाडा दुसऱ्या बोटींवर आपटतो किंवा जाळ्यात अडकतो.

बोटींसाठी वेगळी भंगार योजना आहे का?

मोटार वाहनांसाठी २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रे सुरू झाली आहेत. ही व्यवस्था बोटींना लागू नाही. बोट वाहून नेण्याच्या ट्रेलरची परिवहन कार्यालयात नोंदणी असेल, तर तेवढ्या ट्रेलरपुरता वाहनांचा नियम लागू होतो.

जहाजतोडणीसंबंधीचा हाँगकाँग आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून अंमलात आला आहे. मात्र तो ५०० सकल टनेजपेक्षा लहान जहाजांना लागू होत नाही. किनाऱ्यावरच्या फायबर बोटी या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत.

त्यामुळे फायबर बोटीची विल्हेवाट एकाच अर्जाने किंवा एकाच खिडकीवर होत नाही. नोंदणीचा कायदा, घनकचऱ्याचे नियम, बॅटरीचे नियम आणि ई-कचऱ्याचे नियम असे वेगवेगळे नियम बोटीच्या वेगवेगळ्या भागांना लागू होतात. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

टप्पा १: बोट खरोखर निकामी झाली आहे का?

फायबरचा सांगाडा अनेकदा इंजिनपेक्षा जास्त टिकतो. तळाला आलेले लहान फोड, कडेची चीर किंवा वरच्या थराचा उडालेला रंग दुरुस्त होऊ शकतो. आतील लाकडी आडव्या-उभ्या पट्ट्या कुजल्या असतील, तळ पायाखाली दबत असेल किंवा थर एकमेकांपासून सुटले असतील, तर दुरुस्तीचा खर्च वाया जाण्याची शक्यता अधिक असते. बोट बांधणाऱ्या जाणकार कारागिराकडून पाहणी करून घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून हा मासेमारी बंदीचा काळ असतो. बोट वर ओढलेली असल्यामुळे पाहणीसाठी तो सोयीचा आहे.

बोट चालू स्थितीत असेल आणि आपल्याला नको असेल, तर ती विकणे हा सर्वांत चांगला पर्याय आहे. मात्र विक्री तोंडी करू नका. नोंदणी नव्या मालकाच्या नावावर हस्तांतरित झाल्याची प्रत हातात येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे समजू नका.

टप्पा २: नोंदणी व परवाना रद्द करणे

कोणत्या कार्यालयात जावे?

• समुद्रातील मासेमारी नौका: राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे जिल्हा कार्यालय. मासेमारी नौकांची नोंदणी व परवाना यांसाठी केंद्राची रिअलक्राफ्ट ही ऑनलाइन प्रणाली वापरली जाते. मासेमारीचा परवाना राज्याच्या कायद्यानुसार मिळतो, उदा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ किंवा केरळचा १९८० चा अधिनियम.
• नदी, खाडी, बॅकवॉटर किंवा धरणातील यांत्रिक प्रवासी व पर्यटन बोट: अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये राज्याने नेमलेले नोंदणी प्राधिकारी. महाराष्ट्रात महाराष्ट्र सागरी मंडळ, गोव्यात बंदर कप्तान खाते आणि केरळमध्ये केरळ मेरीटाईम बोर्ड येथे चौकशी करावी.
• शासकीय किंवा ग्रामपंचायतीची बोट: आधी जडसंग्रह नोंदवहीतील नोंद तपासून निर्लेखनाचा प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवावा. निर्लेखनाचा आदेश होण्यापूर्वी बोटीचा कोणताही भाग विकू नये.

सोबत ठेवण्याची कागदपत्रे

१. मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि मासेमारी परवाना
२. मालकाचे ओळखपत्र
३. बोटीची छायाचित्रे (नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसेल अशी)
४. बँक, पतसंस्था किंवा शासकीय योजनेचे कर्ज असल्यास ना-हरकत दाखला
५. विमा असल्यास विमापत्राची प्रत
६. मालक मयत असल्यास मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद

बोट शासकीय अनुदानातून घेतलेली असेल, तर जुने मंजुरीपत्र शोधून त्यातील अटी वाचा. ठरावीक मुदतीत बोट विकण्यास किंवा मोडण्यास मनाई असू शकते.

हा टप्पा का टाळू नये?

२००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवादी 'कुबेर' या अपहृत मासेमारी नौकेतून मुंबईच्या दिशेने आले होते. बोट कोणाची, कोठे आहे आणि तिच्यावर कोण आहे, याला त्यानंतर सुरक्षेच्या दृष्टीने मोठे महत्त्व आले. आपण मोडीत काढली असे समजता ती बोट कोणी डागडुजी करून जुन्याच क्रमांकावर पाण्यात उतरवली, तर चौकशीसाठी पहिले नाव आपले निघेल. डिझेल सवलत, विमा आणि संस्थेचे सभासदत्व यांतील नोंदीही बोटीच्या क्रमांकाशी जोडलेल्या असतात. म्हणून नोंदणी रद्द झाल्याची पोच घ्या आणि सांगाड्यावरचा क्रमांक व नाव दोन्ही बाजूंनी खरवडून किंवा कापून टाका.

टप्पा ३: सांगाडा सोडून बाकी सर्व वेगळे करणे

कापायला सुरुवात करण्यापूर्वी बोट पूर्ण रिकामी झाली पाहिजे. इंधनाची वाफ राहिलेल्या टाकीजवळ ठिणगी पडल्यास स्फोट होऊ शकतो.

• इंधन: चांगले डिझेल किंवा पेट्रोल काढून दुसऱ्या बोटीत वापरा. पाणी मिसळलेले इंधन वेगळ्या झाकणबंद कॅनमध्ये ठेवा.
• इंजिन तेल आणि तळाचे तेलकट पाणी: गटारात किंवा खाडीत ओतू नका. वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. तो अधिकृत पुनर्चक्रकाकडेच द्यायचा असतो. अधिकृत पुनर्चक्रकांची माहिती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. मासेमारी बंदरावर वापरलेले तेल गोळा करण्याची सोय असल्यास तिथे जमा करा.
• बॅटरी: बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन करणाऱ्याकडे देणे ही वापरकर्त्याची जबाबदारी आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत दिल्यास पैसेही वळते होतात.
• जीपीएस, मासे शोधण्याचे यंत्र, वायरलेस संच: हा ई-कचरा आहे. चालू असल्यास दुसऱ्या बोटीवर वापरा, बंद असल्यास नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.
• ट्रान्सपाँडर आणि संकटसूचक यंत्र: ही यंत्रे त्या विशिष्ट बोटीच्या नावावर असतात. भंगारात टाकलेले संकटसूचक यंत्र चुकून सुरू झाले, तर तटरक्षक दल नसलेल्या बोटीच्या शोधाला निघेल. मासेमारी नौकांवर शासनाने मोफत बसवलेला ट्रान्सपाँडर ही विकण्याची वस्तू नाही. दोन्ही यंत्रे मत्स्यव्यवसाय कार्यालयात जमा करून पोच घ्या.
• मुदत संपलेले संकटकालीन फटाके: हे स्फोटक आहेत. भंगारात, आगीत किंवा पाण्यात टाकू नका. विक्रेता किंवा स्थानिक सागरी पोलीस ठाणे यांच्याकडे विचारणा करा.
• गॅस सिलिंडर: गॅस एजन्सीला परत करा.
• इंजिन, पंखा, शाफ्ट, नांगर, साखळ्या, पितळी व ॲल्युमिनियमचे भाग: यांना भंगारात भाव मिळतो. पुढील टप्प्यातील कापणी आणि वाहतुकीचा खर्च बऱ्याच अंशी यातूनच भागवावा लागतो. म्हणून हे भाग विकून पैसे वेगळे ठेवा.
• आतील फोम व थर्माकोल: अखंड तुकड्यांतच काढून पोत्यात भरा. त्याचा भुगा वाऱ्याने थेट खाडीत जातो.

टप्पा ४: सांगाडा कापणे

अखंड सांगाडा नेण्याची सोय असेल, तर कापणी टाळणेच चांगले. कापावेच लागले, तर धूळ हा सर्वांत मोठा धोका आहे. काचेचे सूक्ष्म तंतू त्वचेला खाज आणतात, डोळ्यांत टोचतात आणि श्वासावाटे आत जातात.

१. जागा किनाऱ्यापासून दूर, सपाट आणि मुलांच्या वावराबाहेरची निवडा. जाड ताडपत्री अंथरा. उघड्या वाळूवर कापू नका.
२. कापणारा आणि मदतनीस दोघांनीही एन-९५ दर्जाचा मास्क, बंद चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीसाठी पुरेसा नाही.
३. ग्राइंडरने धूळ फार उडते. हाताची किंवा पुढे-मागे चालणारी आरी वापरा. कापण्याच्या रेषेवर पाण्याचा हलका फवारा मारत राहिल्यास धूळ बसते. विजेचे हत्यार असल्यास मात्र पाणी वापरू नका, विजेचा धक्का बसू शकतो.
४. तळाचा रंग खरवडू नका. सागरी रंगांत शेवाळ व शिंपले मारणारी द्रव्ये असतात. ट्रायब्युटिल टिन असलेले रंग आंतरराष्ट्रीय करारानुसार १७ सप्टेंबर २००८ पासून बंद आहेत, पण त्याआधीच्या बोटींवर त्यांचे थर असू शकतात. रंग तुकड्यावर तसाच राहू द्या.
५. काम संपल्यावर झाडू मारू नका. भुगा ओला करून गोळा करा आणि पोत्यात बांधा. अंगावरचे कपडे घरातल्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

टप्पा ५: तुकडे कोठे द्यायचे?

पहिला पर्याय: सिमेंट भट्टी. सिमेंटच्या भट्टीत रेझिन इंधन म्हणून जळते आणि काच कच्च्या मालात मिसळून सिमेंटचा भाग बनते. राख वेगळी उरत नाही. युरोपात पवनचक्कीची जुनी पाती आणि इतर फायबर याच पद्धतीने वापरले जाते. आपल्याकडेही घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये दर किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा क्षेपणभूमीत न टाकता ऊर्जेसाठी वापरण्याची तरतूद आली. एका बोटीसाठी सिमेंट कारखाना दार उघडत नाही. दहा-वीस बोटींचे तुकडे एकत्र असतील, तर स्थानिक संस्थेमार्फत प्रस्ताव ठेवता येतो. म्हणून हे काम मच्छीमार सहकारी संस्थेने हाती घेणे अधिक व्यवहार्य आहे.

दुसरा पर्याय: स्थानिक स्वराज्य संस्थेची प्रक्रिया व क्षेपणभूमी. पहिला पर्याय उपलब्ध नसल्यास महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करून, त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी आणि दिवशी तुकडे पोहोचवा. पोच घ्या. खासगी टेम्पोवाल्याला पैसे देऊन "कुठेही टाक" म्हणणे ही विल्हेवाट नव्हे. ते तुकडे बहुधा कांदळवनाच्या कडेलाच सापडतात.

तिसरा पर्याय: जमिनीवर पुनर्वापर. सांगाड्याचा धड असलेला भाग जाळी ठेवण्याचे छप्पर, शेळ्यांचा निवारा किंवा वाफा म्हणून वापरता येतो. पाणी साचू नये म्हणून तळाला भोके पाडा किंवा सांगाडा पालथा घाला. कापलेल्या कडा बोथट करून झाका. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मासे साठवण्यासाठी जुना सांगाडा वापरू नका.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. मुख्याधिकारी / ग्रामविकास अधिकारी,
(संस्थेचे नाव)

विषय: निकामी फायबर बोटीच्या सांगाड्याची विल्हेवाट लावण्याबाबत.

महोदय,
माझ्या मालकीची (नाव व क्रमांक) ही फायबर बोट निकामी झाली असून तिची नोंदणी दि. (दिनांक) रोजी रद्द झाली आहे. इंजिन, इंधन, तेल, बॅटरी व उपकरणे काढून घेतली आहेत. उरलेल्या सांगाड्याची लांबी अंदाजे (मीटर) व वजन अंदाजे (किलो) आहे. हा सांगाडा आपण निश्चित कराल त्या ठिकाणी जमा करण्यास मी तयार आहे. कृपया ठिकाण, दिनांक व शुल्क असल्यास ते लेखी कळवावे, ही विनंती.

सोबत: नोंदणी रद्द झाल्याची पोच, छायाचित्रे.

नव्या बोटीसाठी अनुदान

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२०-२१ पासून राबवली गेली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या बोटीच्या बदल्यात बोट व जाळी देण्याचा घटक आहे. त्यासाठी ५ लाख रुपये युनिट खर्च धरला आहे. सर्वसाधारण प्रवर्गाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला लाभार्थींना ६० टक्के अर्थसाहाय्य असे प्रमाण आहे. म्हणजे ५ लाखांवर अनुक्रमे २ लाख आणि ३ लाख रुपये. आपल्या जिल्ह्यात सध्या अर्ज स्वीकारले जात आहेत का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा.

"बदल्यात" हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जुनी बोट कशी दाखवायची, तिची पाहणी कोण करणार आणि नोंदणी केव्हा रद्द करायची, हे कार्यालयाकडून समजून घेऊनच तोडणीला हात घाला. बोट आधीच कापून टाकली, तर ती आपल्याकडे होती हे सिद्ध करणे अवघड जाते.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: किनाऱ्यावर रात्री जाळून टाकली तर काय बिघडते?
उत्तर: रेझिन जळताना दाट काळा विषारी धूर निघतो. काच जळत नाही, तिचे तंतू सुटे होऊन हवेत आणि वाळूत पसरतात. कचरा उघड्यावर जाळणे नियमबाह्य आहे आणि त्यासाठी दंड होऊ शकतो.

प्रश्न: समुद्रात बुडवली तर माशांना आसरा मिळेल ना?
उत्तर: नाही. शासनाच्या कृत्रिम प्रवाळ प्रकल्पांत काँक्रीटच्या खास रचना अभ्यास करून निवडलेल्या जागी ठेवल्या जातात. हलका फायबर सांगाडा तळाशी स्थिर राहत नाही, फुटतो आणि जाळ्यांत येतो.

प्रश्न: कांदळवनालगत माझी स्वतःची जागा आहे. तिथे ठेवता येईल का?
उत्तर: टाळा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानुसार महाराष्ट्रात कांदळवनात आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात राडारोडा व कचरा टाकण्यास मनाई आहे. जागा खासगी असली तरी हा आदेश लागू होतो.

प्रश्न: चक्रीवादळात बोट फुटली आहे. लगेच हटवू का?
उत्तर: आधी पंचनामा आणि विमा कंपनीची पाहणी होऊ द्या. तोपर्यंत सांगाडा दोराने बांधून ठेवा आणि तेल-इंधन काढून घ्या. पंचनाम्याची प्रत मिळाल्यावर वरील टप्प्यांनुसार पुढे जा.

प्रश्न: बोट वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत.
उत्तर: वारसांपैकी एकाने इतरांच्या संमतिपत्रासह अर्ज करावा. नोंदणी कार्यालय वारसाचा कोणता पुरावा स्वीकारते, हे आधी विचारून घ्या.

प्रश्न: धक्क्यावर दुसऱ्याची बोट वर्षानुवर्षे पडून आहे. आम्ही ती तोडू शकतो का?
उत्तर: परस्पर तोडू नका. बोटीचा क्रमांक आणि छायाचित्र जोडून बंदर व्यवस्थापन किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी कळवा. मालकाला नोटीस देण्याचा अधिकार त्यांचा आहे. बोट तरंगत असेल आणि इतर नौकांना धोका असेल, तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवा.

शेवटी जपून ठेवण्याची कागदपत्रे

नोंदणी रद्द झाल्याची पोच, ट्रान्सपाँडर जमा केल्याची पोच, तेल व बॅटरी दिल्याची पावती आणि सांगाडा जमा केल्याची पावती या चारही कागदांच्या प्रती एका फायलीत ठेवा. त्या बोटीबद्दल पुढे कधी विचारणा झाली, तर उत्तर देण्यासाठी हीच फाईल उपयोगी पडेल.